पडवीतलं मशीन

१

बोरी बुद्रुकचे सयाजी कोरडे गेले आणि त्यांच्याच अंगणात आदेशचं डोकं फुटलं, या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी घडल्या. झेबा आतारला त्या एकाच फोनवर कळल्या. फोन करणारी बाई सयाजींची सून होती, हर्षाली. ती रडत नव्हती. खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, "ताई, आमचे अण्णा गेले. तुमच्या माणसाला मारून टाकतील. पोलीस घेऊन या."

आळेफाट्यावर झेबाचं 'दिलासा' नावाचं दुकान होतं. घरी आजारी माणूस असला की लागणाऱ्या वस्तू ती भाड्यानं द्यायची: वर-खाली होणारे पलंग, व्हीलचेअर, कफ ओढायची यंत्रं, ऑक्सिजनची मशीनं. जुन्नर आणि आंबेगावात असं गाव नव्हतं जिथं तिची एखादी वस्तू कोणाच्या तरी उशाशी नव्हती. तक्रारीचा फोन ती दुसऱ्या कोणाकडे देत नसे. जुन्नरला अत्तराचं दुकान चालवणाऱ्या बापाकडून ती एक गोष्ट शिकली होती, की गिऱ्हाईक भांडायला लागलं की आपण आवाज उतरवायचा.

हर्षालीच्या आधीही त्या दुपारी एक फोन आला होता, सयाजींच्याच मोबाइलवरून. बोलणारा पुरुष धापा टाकत होता. म्हणाला, मशीन बंद पडलंय, म्हाताऱ्याला श्वास मिळत नाही. झेबानं नेहमीप्रमाणे विचारलं, मशीनवर कोणता दिवा लागलाय.

"लाल. लालच लागलाय."

तिनं सांगितलं, शेजारच्या सिलिंडरची चावी फिरवा, नळी त्याला जोडा, मी माणूस पाठवते. ती आणखी काही सांगणार तोच फोन कट झाला. पुन्हा लावला तर कोणी उचलेना. तिच्या दुकानात कामाला असलेला आदेश जवळच आळे गावात एका घरी पलंग बसवत होता. त्याला तिनं तसंच बोरीला पिटाळलं.

आता पोलिसांच्या गाडीमागं आपली गाडी हाकताना ती स्वतःला हेच सांगत होती, की आपणच पाठवला.

कोरड्यांच्या अंगणात शंभरेक माणूस जमलं होतं. तुळशीपाशी आदेश उताणा पडला होता. जबडा एका बाजूला सरकलेला, डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त. त्याच्या छातीवर कोणीतरी मशीनचा फुटलेला पत्रा फेकला होता. सयाजींचा मुलगा सुदर्शन अजून त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता आणि चार जण त्याला धरायचं नाटक करत होते. पोलीस उपनिरीक्षक संस्कृती ढोबळे पुढं झाल्या, त्यांनी काठीचा एकच तडाखा सुदर्शनच्या पोटरीवर हाणला, तेव्हा तो खाली बसला.

झेबा आदेशजवळ गुडघ्यांवर बसली. त्याचे ओठ हलत होते. तिनं कान लावला. रक्ताच्या गुळण्यांतून तीन शब्द आले.

"मशीन चालू होतं."

मग तो बेशुद्ध पडला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी झेबाच्या दुकानाची काच फुटली. दगड घेऊन आलेली पोरं बोरीचीच होती. त्यांनी आतली व्हीलचेअर रस्त्यावर आणून पेटवली. झेबा काउंटरमागं उभी राहून पाहत राहिली. ती आडवी गेली नाही, कारण त्यांच्यातल्या एकाच्या हातात कोयता होता.

संस्कृती ढोबळे आल्या तेव्हा रबर जळल्याचा वास अजून जात नव्हता. वयानं तिशीच्या आतबाहेर, बोलायला तुटक बाई. त्यांनी परिस्थिती सरळ सांगितली. आदेश वाचेल, पण डावा डोळा गेला आणि बोलायला कधी लागेल ते डॉक्टर सांगू शकत नाहीत. सुदर्शन मारहाणीसाठी कोठडीत आहे. पण मशीन बंद पडून म्हातारा गेला असेल, तर निष्काळजीपणाचा गुन्हा झेबावर लागणार. शवविच्छेदन झालं होतं. मरण गुदमरून आलं होतं.

"मशीन थांबलं तर गुदमरतोच की माणूस," संस्कृती म्हणाल्या. "तुमचा माणूस चालू होतं म्हणतो. दुसरं काय म्हणणार तो?"

झेबानं फक्त ते मशीन पाहू द्या अशी विनंती केली.

ठाण्याच्या मागच्या खोलीत ते एका गोणपाटावर ठेवलं होतं. झेबानं बसून ते नीट न्याहाळलं. आदेशनं तपासायला पाठीमागचा पत्रा काढला होता, तो वेगळा पडला होता. पुढचा प्लास्टिकचा भाग जवळजवळ धड होता. चाकंही धड होती. पण आतला हवा दाबणारा पंप मात्र पार चेचलेला होता, त्याच त्याच जागी पुन्हा पुन्हा घाव घातलेला. चिडलेला जमाव हाताला येईल ते फोडतो. दुकानातली तोडफोड तिनं नुकतीच पाहिली होती. त्यात असा नेम नव्हता. इथं कोणीतरी एकाच भागावर काम केलं होतं, ज्याच्यावरून मशीन चांगलं होतं की बिघडलेलं ते कळलं असतं, नेमक्या त्याच भागावर.

तिनं हे बोलून दाखवलं. खिशात घातलेला हात बाहेर काढून संस्कृतीही खाली बसल्या.

झेबाचं लक्ष आता पुढच्या पट्टीवर गेलं होतं. तिथं दोन छोटे दिवे होते, वीज नसल्यामुळे दोन्ही पांढुरके दिसत होते. तिनं त्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"मॅडम," ती म्हणाली, "मला काल फोन केला तो माणूस या मशीनपाशी उभाच नव्हता."

३

संस्कृतींनी खुलासा मागितला. झेबानं सांगितलं, पण एक विनंती करून: हे अजून कोणाला कळता कामा नये. आधी तिला त्या घरातल्या माणसांशी बोलायचं होतं. संस्कृतींनी तिला एकटीला जाऊ दिलं नाही, स्वतः सोबत आल्या.

पहिला सुदर्शन. कोठडीच्या गजांमागं तो गुडघ्यांत मान घालून बसला होता. झेबाला पाहताच उठून थुंकला. म्हणाला, माझा बाप तुमच्या डबड्यानं मारला. झेबानं आवाज उतरवला आणि त्याचा राग ओसरेपर्यंत त्याला बोलू दिलं. मग तिनं विचारलं, सयाजीअण्णांना शेवटचं कधी पाहिलं. सकाळी, टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजारात निघताना, तो म्हणाला. बापानं हात हलवला होता. चुलतभाऊ सावळेरामदादाचा फोन आला तेव्हा तो बाजारातच होता. गाडी फेकत आला.

तो आला तेव्हा आदेश काय करत होता, असं झेबानं विचारलं.

सुदर्शन पुन्हा खाली बसला. तो आला तेव्हा आदेश आधीच जमिनीवर होता. सगळे ओरडत होते, यानंच मारला. मग त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. पुढचं त्याला लाथांपलीकडे आठवत नव्हतं. "त्या पोरानं आठवड्यामागं नवं मशीन आणलं तवा मीच त्याच्यासंगट उचलून पडवीत ठेवलं आणि नळी भिंतीतून आत अण्णांकडं नेली व्हती," तो हळू आवाजात म्हणाला. "जुनं लई आवाज करायचं. च्या पिऊन गेला व्हता माझ्या घरात."

दुसरा सावळेराम, सयाजींचा पुतण्या. त्याचं घर वावराच्या पलीकडच्या बांधाला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. त्यानं दोघींना खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. चुलत्यानंच मला वाढवलं, म्हणाला. रोज दुपारी जाऊन त्यांचे पाय चेपायचो. त्या दुपारीही गेलो, तर पडवीतलं मशीन गप्प, आणि आत अण्णा थंड पडलेले. ओरडून माणसं गोळा केली. तुमचा माणूस आला आणि पोरं भडकली, मी आवरायचा प्रयत्न केला पण कोण ऐकतंय. मग त्यानं संस्कृतींना विचारलं, प्रेत कधी मिळणार. पाऊस सरून ऊन तापलंय, लवकर अग्नी द्यायला हवा.

तुम्ही मला फोन केला होता का, असं झेबानं विचारलं. नाही, तो म्हणाला. मी पोचायच्या आधी अण्णांनीच केला असणार, जीव घाबरला असेल.

झेबानं मान डोलावली. सयाजींचा आवाज तिला ठाऊक होता. त्यांना चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागे. फोनवरचा माणूस धापा टाकत होता, पण त्या धापा धष्टपुष्ट छातीच्या होत्या.

अंगणातून बाहेर पडताना संस्कृतींनी विचारलं, आता कोण उरलं.

"सून," झेबा म्हणाली. "आणि ती घाबरलेली आहे. आपल्याला नाही, दुसऱ्या कोणाला तरी."

४

हर्षाली घरामागच्या कांदाचाळीत होती. सासऱ्याचं सुतक, नवरा कोठडीत, तरी सडके कांदे निवडत बसलेली. गावात कुजबुज चालू होती की दोन वर्षं म्हाताऱ्याचं गू-मूत काढून ती कंटाळली होती. ती कुजबुज तिच्याही कानावर गेली होती.

"मी कंटाळले व्हते," ती स्वतःच म्हणाली. "न्हाई कशाला म्हणू? पण अण्णा गेले तवा मी हितंच चाळीत व्हते. त्यांना भूक लागली की ते पळीनं ताट वाजवायचे. त्या दुपारी ताट वाजलंच न्हाई."

झेबानं तिच्यासमोर बसकण मारली आणि कांदे निवडू लागली. खूप वेळ दोघी तेवढंच करत राहिल्या. संस्कृती लांब उभ्या होत्या. शेवटी झेबानं विचारलं, आदेश आला तेव्हा तू अंगणात होतीस ना.

होती. आदेश पडवीत गेला, त्यानं मागचा पत्रा काढून आत पाहिलं, मग पुढचं बटण दाबलं. मशीन सुरू झालं. तिनं स्वतः ऐकलं. तो मागं वळून म्हणाला, कोणीतरी बटण बंद केलंय, मशीनला काही झालेलं नाही. ते शब्द पुरे होतात न होतात तोच सिलिंडर खोलायचा लोखंडी पाना त्याच्या तोंडावर बसला. दुसरा घाव डोळ्यावर. मग त्याच पान्यानं मशीनच्या उघड्या पाठीत घाव बसत राहिले. लोक तोवर नुसते बघत होते. नंतर 'मारा' म्हणून हाळी उठली आणि सगळेच तुटून पडले.

पाना कोणाच्या हातात होता, झेबानं विचारलं.

हर्षालीनं हातातला कांदा खाली ठेवला. तिनं वावराच्या टोकाला असलेल्या मोटारीच्या खोलीकडे बोट केलं. अण्णांच्या खिडकीतून ती खोली सरळ दिसायची. पावसाळ्याच्या आधी तिथली केबल चोरीला गेली होती. ठाकर आदिवासींच्या ठाकरवाडीतला बहिरू कोरड्यांकडे कामाला होता. चोरीच्या दुसऱ्या दिवशी तो विहिरीत सापडला. बिबट्याला भिऊन पळाला आणि पडला, असं गावानं ठरवलं. उसात बिबट्या होताच, कोणी शंका घेतली नाही.

"अण्णांनी बघितलं व्हतं," हर्षाली म्हणाली. "सावळेरामभाऊजींनी त्याला खोलीत कोंडून मारला. केबल कुठंय म्हणून इचारायचे आणि हाणायचे. बहिरू हात जोडत व्हता. मग हलायचा थांबला. मग विहिरीत टाकला."

अण्णा भावकीपायी गप्प बसले. एवढंच केलं, की सावळेरामला बोलावून सांगितलं, पुन्हा या घराचा उंबरा ओलांडू नको. त्या दिवसापासून तो आला नव्हता. एकदाही नाही. सुदर्शनला वाटलं बांधाचं भांडण असेल, त्यानं विचारलं नाही. पण मागल्या आठवड्यात केबल चोरणारी टोळी पेठजवळ पकडली गेली, आणि तिनं बोरीची चोरी कबूल केली. ते ऐकून म्हातारा दोन दिवस जेवला नाही. मग सुनेला म्हणाला, पोलिसांना बोलाव, मला सांगायचंय. हर्षाली घाबरली. तिनं ते सावळेरामच्या बायकोपाशी बोलून दाखवलं, काय करू म्हणून.

"मीच मारलं त्यांना," ती म्हणाली आणि कांद्यांवर ओणवी झाली.

५

संस्कृती त्याला लगेच उचलणार होत्या. झेबानं थांबवलं. हर्षालीचा शब्द एका बाजूला आणि सगळ्या गावाचा दुसऱ्या बाजूला पडला असता. त्याच्याच तोंडून निघालं पाहिजे, आणि साक्षीदारांसमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्याच्या निमित्तानं कोरड्यांच्या पडवीत माणसं बोलावली. बेड्या घातलेल्या सुदर्शनला दोन हवालदार घेऊन आले. सावळेराम आपणहून पुढं येऊन बसला. दोन पंच होते, सरपंच होते. झेबानं गाडीतून एक मशीन उतरवून चादरीखाली झाकून ठेवलं होतं.

ती उभी राहिली आणि दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलू लागली. म्हणाली, मला फक्त माझी चूक समजून घ्यायचीय. मशीन बिघडलं तर बिघाडाचा दिवा लागतो. तुमच्यापैकी जे अण्णांपाशी रोज बसायचे, त्यांनी सांगावं, तो दिवा कसा होता.

सावळेराम म्हणाला, त्यात काय सांगायचं. "लाल दिवा. त्या दिवशीबी लालच व्हता."

"चुकतोय दादा," सुदर्शन मान वर करून म्हणाला. "लाल जुन्याला व्हता. नव्याला पिवळा हाय. आदेशनं मला दाखवला व्हता."

झेबानं चादर काढली. त्याच बनावटीचं दुसरं मशीन होतं. तिनं ते सुरू करून, हवेची वाट हातानं दाबून धरली. थोड्या वेळानं मशीन ओरडू लागलं आणि पट्टीवर पिवळा दिवा लागला. सगळ्यांनी पाहिला.

"मला फोन करणाऱ्यानंही लालच सांगितला," ती म्हणाली. "त्याला मशीन बदललंय हे माहीतच नव्हतं. या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तो आतल्या खोलीत होता, अण्णांच्या उशाशी, त्यांचा फोन हातात घेऊन. मशीन भिंतीच्या अलीकडे इथं पडवीत चालूच होतं. त्यानं जुनं मशीन आठवून सांगितलं, कारण अण्णांनी हाकलल्यापासून तो इथं आलाच नव्हता. मागच्या दारानं आला तो पहिल्यांदाच, उशी दाबायला. नंतर पडवीत येऊन त्यानं बटण बंद केलं. आणि आदेशनं ते चालू करून दाखवलं तेव्हा आधी आदेशचं तोंड बंद केलं, मग मशीनचं."

संस्कृतींनी भर घातली. काल त्यांनी डॉक्टरांना पुन्हा विचारलं होतं. सयाजींच्या वरच्या ओठाची आतली बाजू दातांवर दाबून फाटली होती. हवा न मिळाल्यानं ओठ फाटत नाही.

सावळेराम हसला. दिव्याच्या रंगावरून कोणी फाशी जातं का, असं काहीतरी तो सरपंचांकडे पाहून म्हणाला. तेवढ्यात हर्षाली दारात आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"पाना तुमच्या हातात व्हता, भाऊजी. आणि बहिरूबी तुमीच मारला. अण्णांनी मला समदं सांगितलंय."

पडवीच्या खुंटीला ऊस तोडायचा कोयता अडकवलेला होता. सावळेराम उठला कधी ते कोणाला कळलं नाही. कोयता निघाला आणि हर्षालीच्या मानेच्या रोखानं आला. सुदर्शननं बेड्यांसकट दोन्ही हात मधे घातले. पातं साखळीवर आपटून सरकलं आणि त्याच्या मनगटाच्या वर हाडापर्यंत रुतलं. झेबानं समोरचं मशीन दोन्ही हातांनी लोटलं. ते सावळेरामच्या गुडघ्यांवर आदळलं आणि तो कोसळला. हवालदार त्याच्यावर पडले. तरीही तो उठत होता. संस्कृतींनी त्याचं मनगट बुटाखाली धरलं आणि बोटं सुटेपर्यंत भार दिला.

सुदर्शन रक्ताळलेला हात पोटाशी धरून भिंतीला टेकला होता. त्याला जखमेचं भान नव्हतं. चुलतभावाकडे बघत तो एकच गोष्ट विचारत राहिला, की मग त्या पोराला मी कशापायी मारला.

सावळेरामनं जमिनीवरूनच मान वळवली. "म्हातारं मरणारच व्हतं," तो म्हणाला. "एका ठाकरापायी मला फासावर द्यायला निघालं व्हतं."

६

हाताला टाके पडल्यावर सुदर्शननं संस्कृतींकडे एकच मागणी केली, आदेशला भेटायचं. हवालदाराबरोबर त्याला नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. आदेशच्या जबड्यात तारा बांधल्या होत्या, डोक्याला पट्ट्या. सुदर्शन पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. आदेशनं उजव्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. झेबा तिथंच होती. तिनं आदेशला समजावलं नाही आणि सुदर्शनला धीरही दिला नाही. गुन्हा त्याच्यावर होता तो राहिला.

ठाकरवाडीला जायचं काम संस्कृतींचं होतं. झेबा का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. बहिरूची बायको अंजना घरापुढं सरपण फोडत होती. संस्कृतींनी जमेल तेवढं सौम्यपणे सगळं सांगितलं. कुऱ्हाड हातात तशीच धरून अंजनानं ऐकून घेतलं. बिबट्याची गोष्ट तिला पहिल्यापासून पटली नव्हती, म्हणाली. तो बिबट्याला भिणारा नव्हता.

मग तिनं विचारलं, कोणी बघितलं होतं.

सयाजीअण्णांनी, झेबा म्हणाली.

"मंग इतके दिस का बोलला न्हाई?"

तो बोलायला निघाला म्हणूनच मेला, असं उत्तर झेबाच्या ओठांवर आलं होतं. ते खरंही होतं. पण ते या बाईला पुरणारं नव्हतं, म्हणून ती गप्प राहिली. अंजनानं थोडा वेळ वाट पाहिली. मग ती संस्कृतींकडे वळली. कोर्टाचं कोर्टात होईल, ती म्हणाली, पण बोरीतल्या माणसांनी माझ्या पोरांना चोराची पोरं म्हणून शाळेतून पळवून लावलंय.

"माझा माणूस चोर नव्हता. ह्ये तिथं येऊन सांगा. समद्यांच्या म्होरं."

सोमवारी ग्रामपंचायतीसमोर गाव जमवलं. आदेशला मारणारे त्यात होते, दुकान फोडणारे होते, सरपंचही होते. संस्कृतींनी बहिरूचं नाव घेऊन, तो निर्दोष होता, असं मोठ्यानं सांगितलं. पुढच्या रांगेत कोणीतरी अंजनाला बसायला खुर्ची सरकवली. ती बसली नाही. दोन्ही पोरांचे हात धरून ती गावाकडं तोंड करून उभी राहिली आणि एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत गेली, शेवटच्या माणसानं नजर खाली घालेपर्यंत.